दुसरी तापवणी

कारखान्यात ती चुंबकं तपासायची आणि नवरा भट्टी सांभाळायचा. इलेक्ट्रिक बसच्या मोटरींसाठीची चुंबकं चाचणीत तापवताच त्यांची ओढ ढेपाळली, तेव्हा तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चुंबकातल्या कणांना सुटं राखणारा पातळ थर जागोजागी तुटला होता. म्हणजे थर पसरवणारी भट्टीतली दुसरी, मंद तापवणी झालीच नव्हती. तिनं नवऱ्याला गाठलं. “साहेबच म्हणाले, वेळ नाही, ती गाळून टाक,” तो कुजबुजला. “लेखी काही नाही गं. या खेपेला पास कर.” “आणि भरली बस चढावर बंद पडली म्हणजे?” तिनं ‘नापास’ लिहून सही केली. साहेबांनी कानांवर हात ठेवले. नवऱ्याची नोकरी गेली, तिला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली, आणि माल दुसऱ्याच्या सहीनं त्याच दुपारी रवाना झाला. घरी त्यानं रिकामा डबा तिच्यापुढे ठेवला. “उद्यापासून माझा डबा भरू नकोस,” एवढंच बोलला.