पटाशीची धार

"कड चमकतेय म्हणजे बोथटच आहे गो. अजून घास," खाटेवरून आबा म्हणाले. मंदाने पटाशी पुन्हा दगडावर धरली. वडिलांचा उजवा हात लुळा पडल्यापासून सुतारकामाच्या हत्यारांना तीच धार लावायची, ते बरे झाल्यावर लागतील म्हणून.

कड चमकायची थांबली तेव्हा आबांनी डावा हात पुढे केला. धार ते नेहमी त्या हातावरचे केस काढून बघत, त्यामुळे तो कायम गुळगुळीत असे. आता तिथे पांढरी लव वाढली होती. मंदाने हलकेच पटाशी फिरवली. लव सरसर निघाली.

"जमलं. आता सगळ्या पटाश्या तातू मेस्त्रीला देऊन ये. त्याच्या तरी कामाला येतील."

"आबा, हात सुधारतोय तुमचा."

"बोथट दिल्या असत्या तर हसला असता मेला," आबा छपराकडे बघत म्हणाले.

मंदाने पटाशी फडक्यात गुंडाळली. आबांचा डावा हात पुन्हा सुताराचा दिसत होता.