आधीच पाय उचल

"परत ब्रेक," पद्माकर म्हणाला. "अगं, समोर ट्रक दिसतोय ना? मग आधीच पाय उचल. गाडी आपोआप हळू होते, वर बॅटरीही भरते."

अलकनंदाने ब्रेकवरचा पाय काढला. मुरथलचे ढाबे मागे पडले होते आणि पडद्यावर बॅटरीचे एकाहत्तर टक्के उरले होते. सरोजिनी नगरहून निघायचं, पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकापाशी माथा टेकायचा आणि त्याच चार्जवर घरी परतायचं, असं पद्माकरने ठरवलं होतं. ऑफिसातला राजीव "नहीं होगा, यार" म्हणून हसला, तेव्हापासून तर तो हट्टालाच पेटला होता. पाच आठवड्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली नसती तर त्याने स्वतःच चालवून दाखवली असती. डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं: स्टिअरिंगला हात लावायचा नाही आणि कसलीही धास्ती घ्यायची नाही.

एवढ्यात डावीकडून एक बस पुढे घुसली. गाडी तिच्या फारच जवळ गेली. अलकनंदाने ती कशीबशी उजवीकडे काढली.

"बघ, उशिरा पाय उचललास की असं होतं."

तिने आरशात मागचा रस्ता पाहिला. मग तिने विचारलं, "ते पाय उचलल्यावर गाडी जास्त ओढून धरणारं सेटिंग कुठलं म्हणालात?"

"तीन नंबर." पद्माकर खूश झाला. महिनाभर सांगत होता, आज कुठे तिच्या कानात शिरलं होतं.

तिने तीन नंबर लावला. "पट्टा नीट लावलाय ना तुम्ही?"

"लावलाय. का?"

"सहज. तुम्ही सांगत राहा, मी करते."

मग काय, पद्माकरला चेवच चढला. "पुढची गाडी नको बघूस, तिच्या पुढची बघ. हां, आता सोड. बिल्कुल बरोबर."

रस्त्याचं काम चालू होतं. डाव्या बाजूला सलग बॅरिकेड लावलेले होते. अलकनंदा पुढच्या गाडीपासून भलंमोठं अंतर ठेवून चालवत होती. मागचे हॉर्न मारत होते, मधल्या जागेत कुणी ना कुणी घुसत होतं, पण ती जराही बधली नाही. उड्डाणपुलाच्या माथ्यावरच तिने पाय उचलला आणि अख्खा उतार गाडी आवरत उतरली. सत्तरचे पुन्हा एकाहत्तर झाले. पद्माकरने राजीवला पाठवायला पडद्याचा फोटो काढला.

"तुझे हात घामाने निथळतायत. एसी वाढवू?"

"नको. बॅटरी जाईल."

तो मनापासून हसला. ही आपल्यापेक्षाही कंजूष निघाली.

बॅरिकेड संपले तशी अलकनंदाने गाडी सर्व्हिस रोडला घेतली आणि एका बंद वीटभट्टीकडे चढत जाणाऱ्या कच्च्या वाटेवर वळवली. चढावर गाडी रेंगाळत रेंगाळत थांबली. तिने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला आणि डोळे मिटून घेतले.

"इथे कशाला? पानिपत अजून लांब आहे," पद्माकर म्हणाला. पण आज त्याला रागावताच येईना. "मानलं बुवा तुला. सात-आठ किलोमीटर आलीस, पण ब्रेकला एकदाही पाय लावला नाहीस."

"लावला होता," अलकनंदा म्हणाली. "त्या बसच्या मागे. चार वेळा. लागला नाही."