साधी गोळी

मिल बंद पडली आणि मालोजींनी अन्नपाणी सोडलं. डॉक्टरांनी उदासीवर गोळी दिली. हात थरथरले तर सांगा, डोस कमी करू, म्हणाले. हात थरथरले, जीभ लाकूड झाली, दिवस गुंगीत जाऊ लागला, तरी मुलाने डॉक्टरांना सांगितलंच नाही. सून रोज म्हणे, "घ्या ना दादा, साधीच तर गोळी आहे." मागांच्या खडखडाटात म्हाताऱ्याचे कान गेलेले, म्हणून दोघं समोरच बोलत होते. पण मिलमध्ये माणसं ओठ वाचूनच बोलत, हे शहाण्यांना कुठे ठाऊक. "रजिस्ट्रीपर्यंत गुंगीतच राहू दे," मुलगा म्हणाला. "दादांचं घर विकलं की सांवेर रोडवर अपना कारखाना." सुनेने गोळी पुढे केली. मालोजींनी तिचा हात मागे सारला आणि नुसते ओठ हलवले, "साधीच आहे ना? आज तू घे." तिला अक्षरन् अक्षर ऐकू आलं.