जावेच्या घरचं पाणी

वाटणीच्या दिवशी थोरल्या जावेनं शपथ घेतली होती, धाकटीच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही. पण नवरात्रात दोघी सुनांनी मिळून कळसूबाईची ओटी भरायची, हा वारलेल्या सासूचा नवस होता. धाकटीनं मोबाईलवर बघून सॅकमध्ये ग्लुकोज, बँडेज, पाण्याच्या बाटल्या आणि आपला ओटीचा नारळ भरला. थोरली खणानारळाची पिशवी तेवढी उचलून म्हणाली, "डोंगर चढायचाय का नांदायला चाललीस?" अर्ध्या चढणीवर, लोखंडी शिडीपाशी थोरलीच मटकन बसली, ओठ पांढरे पडले. धाकटीनं पुढं केलेली बाटली तिनं ढकलून दिली. "मरंन, पर तुझं पानी न्हाई." धाकटीनं थोरलीच्या पिशवीतला नारळ काढून कातळावर फोडला. "हे तुमच्याच घरचं. प्या." शिव्या देत थोरली प्यायली. "आता देवीला काय वाहू, सटवे?" धाकटीनं स्वतःचा नारळ तिच्या पदरात टाकला. "आन् तू?" "मी पानी वाहीन. देवीनं कुठं शपथ घेतलीया?"