आठ दिवसांची पाहुणी

"आई, मिक्सर!"

हेडफोनचा माइक मुठीत दाबून सून ओरडली. सासूबाईंनी मिक्सर बंद केला आणि त्याहून मोठ्या आवाजात विचारलं, "काय म्हणालीस?"

फोनवर एक गृहस्थ वॉशिंग मशीनच्या घरघरीची तक्रार सांगत होते. ते थबकले. "तुमच्याकडेही तेच मशीन आहे वाटतं?"

सुनेचं कामच ते. परक्या देशात, परक्या भाषेत, लोकांच्या बिघडलेल्या यंत्रांबद्दल दिवसभर गोड बोलायचं. साथ आली, ऑफिसला टाळं लागलं आणि काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला लेकीची शाळा. मधोमध सासूबाई, भाजी निवडत.

त्या नातीपाशी आठ दिवस राहायला म्हणून आल्या आणि सगळं बंद झालं. मुलगा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. दिवसभर साथीच्या नमुन्यांत हात. आईचं वय बघून त्यानं लांबच राहायचं ठरलं. किराण्याच्या पिशव्या दाराबाहेर ठेवायचा, खाली फुटपाथवरून हात हलवायचा आणि फोन करायचा. "आई त्रास देत नाही ना?"

"छे," सून दातओठ खात म्हणायची.

सगळ्या डब्यांच्या जागा बदलल्या होत्या. धुतलेले पडदे आटून खिडकीच्या निम्म्यावर आले होते. बाई ऑनलाइन गणित शिकवायच्या तेव्हा आजी मागून उत्तर सांगायच्या, तेही चुकीचं.

"हे कधी संपणार, देव जाणे," एकदा सून पुटपुटली.

सासूबाईंना नको ते बरोबर ऐकू यायचं. "मला तरी काय हौस आहे? विमानं सुरू होऊ देत, मागे वळून बघणार नाही."

मग सुनेलाच ताप भरला. तिनं बेडरूमचं दार आतून लावून घेतलं. रुग्णालयात खाटा नव्हत्या. घरीच राहा, श्वासावर लक्ष ठेवा, असं फोनवर सांगितलं गेलं.

सासूबाईंनी दाराबाहेर खुर्ची ओढली.

"पाणी प्यालीस?"

"हो."

"खोटं बोलू नकोस. पेला उचलल्याचा आवाज नाही आला."

ताप चढला तशी सुनेला बोलतानाही धाप लागू लागली. "बोलू नकोस," बाहेरून आवाज आला. "नुसतं पलंगावर टकटक कर. आहेस एवढं कळलं की पुरे."

सून टकटक करायची. बाहेरून लगेच दारावर टकटक व्हायची. मध्येच तिनं ऐकलं, सासूबाई फोनवर मुलाला सांगत होत्या, "तू नको येऊस. आम्ही दोघी बघतो."

ताप उतरला. सून भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली. चहाची साखर कुठल्याच डब्यात सापडेना. तिनं हाक मारली, "आई, आपली साखर कुठे ठेवलीत?"

त्यानंतर भांडणं थांबली नाहीत. फक्त संध्याकाळपर्यंत टिकेनाशी झाली.

निर्बंध सैल झाले तसा मुलगा पहिल्यांदाच जिना चढून वर आला. तोंडाला मास्क, पाऊल उंबऱ्याबाहेर.

"आई, बॅग भर. न्यायला आलोय."

सासूबाई हात पुसत पुढे आल्या. "विमानं सुरू झाली?"

"नाही अजून."

"मग? इथे काय वाईट चाललंय माझं?"

त्यानं आत पाहिलं. सून हेडफोन काढून उभी होती. तो ओशाळला, आवाज खाली आणून म्हणाला, "आई, असं कसं राहशील इथे? आमचा घटस्फोट होऊन दोन वर्षं झाली."

"तुमचा झाला," सासूबाई म्हणाल्या. "आमचा कुठे झालाय?"