तिसरी काच

निवृत्त मुख्याध्यापिका सूक्ष्मदर्शकासमोर बसल्या. पलीकडे पेशी तपासणाऱ्या डॉक्टर होत्या. समोरासमोर बसून दोघींना एकाच वेळी बघता येईल असं ते यंत्र होतं. बाईंचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. एक गाठ गर्भाशयात निघाली होती, एक डाव्या अंडाशयात. पहिलीतूनच दुसरी झाली असेल, तर आजार पसरलेला होता.

"दोन वेगवेगळे कॅन्सर आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "आणि ही चांगली बातमी आहे."

"चांगली?" सोबत आलेली धाकटी बहीण उसळली. "एक कमी पडत होता का हिला?"

"तू गप्प बस गं." बाई डॉक्टरांकडे वळल्या. "चाळीस वर्षं परीक्षेत कॉपी पकडलीय मी. दाखवा."

डॉक्टरांनी गर्भाशयातल्या गाठीची काच लावली. जांभळी-गुलाबी वेडीवाकडी वर्तुळं, एकमेकांना खेटलेली. मग अंडाशयातली. तिथल्या पेशी फुगीर, आतून रिकाम्या, थेंबांसारख्या. बाईंनी काचा चारदा बदलायला लावल्या.

"शेजारी बसल्या होत्या, पण दोघींनी पेपर आपापला लिहिलाय," त्या शेवटी म्हणाल्या. "एक चूक सारखी नाही."

"अगदी बरोबर. दोन्ही गाठी सुरुवातीच्या टप्प्यातल्या आहेत, आपापल्या जागीच आहेत. किमोचे काही डोस घ्यावे लागतील. खात्री कुणी देणार नाही, पण आशा भरपूर आहे."

बहीण स्टूल ओढून बसली.

"आणि दोघींच्या मध्ये काय आहे?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी तिसरी काच लावली. "गर्भनलिका. एकीकडून दुसरीकडे जायची वाट. इथे काहीच सापडलं नाही."

बाई वाकल्या. नेच्याच्या पानासारख्या नाजूक घड्या, घडीतून निघालेली घडी. प्रत्येक घडीच्या कडेने पेशींची सरळ रांग, खांद्याला खांदा लावून.

"इतकी वर्षं या अशाच बसल्या होत्या?"

"अशाच."

"आणि माझं लक्ष कायम मागच्या बाकांवर."

डॉक्टरांनी काच काढायला हात पुढे केला. बाईंनी तो डोळे न उचलताच धरून ठेवला.