मुलगी बघायला नेलेला मिस्त्री

मंडळी वेळेत डिंभ्याला पोचली, मुलगी पसंत पडली, पेढे वाटले गेले.

हे वाक्य वाचलंच नाही असं धरा. कारण सध्या गाडी शिनोलीच्या पुढं रस्त्याच्या कडेला बंद आहे आणि चांगदेव नव्या पांढऱ्या शर्टासकट बॉनेटखाली कमरेपर्यंत गेला आहे.

मुलगी बघायला लोक मामाला नेतात. चांगदेवनं आळेफाट्याचा अन्सार मिस्त्री आणला होता. इलाजच नव्हता. याच मुलीकडं जायला मायलेक आधी दोनदा निघाले होते आणि दोन्ही वेळा गाडी वाटेत बसली होती. आळ्याच्या बाजाराला ती गरीब गाईसारखी जायची. गॅरेजात नेली की अशी सुरू व्हायची, की चांगदेवच खोटा पडायचा. शेवटी अन्सार म्हणाला, "भाऊ, मलाच बसव गाडीत. माझ्यासमोर बंद पडू दे तिला."

"पडली," चांगदेव आता म्हणाला. "झालं समाधान?"

अन्सारनं दोन महिन्यांत प्लग बदलले होते, पॉइंट बदलले होते, कॉइल बदलली होती, कार्बोरेटर दोनदा खोलला होता. गाडीत मूळचं म्हणावं असं फक्त चांगदेवच्या आईचं, साळुबाईचं, रोज सकाळचं कुंकू उरलं होतं.

"करंट हाय. पेट्रोल वर येत न्हाई," अन्सार म्हणाला.

"पंप बदललास ना परवा?"

"म्हणून तर बोलायला लाज वाटतीय."

"गाडीला सून नको असंल," मागच्या सीटवरून साळुबाई म्हणाली. तिच्या मांडीवर ताट होतं. ताटात नारळ, खण, कुंकवाचा करंडा.

एवढ्यात समोरून लुना आली. मुलीचा मामा सयाजी खाली उतरला. त्यानं गाडीला एक फेरी मारली, बैल बघतात तशी.

"पावणं, पोहे दुसऱ्यांदा गरम केलेत. तिसऱ्यांदा करायची न्हाई म्हणती आमची आक्का. तीनला मंचरचं स्थळ यायचंय."

"त्यांची गाडी कुठली?" चांगदेवनं विचारलं.

"यष्टीनं येत्यात," मामा म्हणाला. "पण येत्यात." लुनाला पायडल मारून तो निघाला. जाता जाता म्हणाला, "पोरगी द्यायची म्हंजी वरात तरी दारापतुर यायला पायजे ना राव."

चांगदेवनं टायरला लाथ घातली. टायरला काही झालं नाही. लंगडत तो मागं गेला आणि टाकीचं झाकण पिळू लागला. निदान पेट्रोल आहे का ते बघावं. दर वेळी सगळं करून थकला की तो हेच करायचा. झाकण घट्ट बसलं होतं. दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा निघालं.

फुस्स.

अन्सारचं डोकं बॉनेटवर आपटलं. "हे काय वाजलं?"

"टाकी."

"दर वेळी वाजती?"

"वाजती की. झाकण काढलं की फुस्स करती. मग थोड्या वेळानं गाडी चालू होती."

"आन् हे तू मला आज सांगतोयस?"

"मला वाटलं कंपनीनंच दिलंय."

अन्सारनं झाकण हातात घेतलं. मधोमध हवेसाठी बारीक भोक असतं. ते नव्हतं. तिथं तेलात कालवलेल्या कुंकवाचा थर होता, बंद्या रुपयाएवढा जाड. बाटलीला तोंड लावून, हवा आत न जाऊ देता पाणी ओढावं, तसं चाललं होतं गाडीचं. जवळपास जायचं तर ती ओढून न्यायची. लांब निघालं की बिचारीचा दम संपायचा.

"आन् मी गॅरेजात पैलं झाकणच उघडतो. पेट्रोल वतायला," अन्सार म्हणाला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. कुंकू तिथंही लागलं. "काकू, बांगडीतली पिन द्या."

थर निघाला, भोक मोकळं झालं. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं. चांगदेवला रडावंसं वाटलं. तेवढ्यात साळुबाई गाडीतून उतरली आणि तिनं करंडा उघडला.

"आये, काय करतीस?"

"पुसलंत की तुमी. उघड्या कपाळानं पोरीच्या दारात नेऊ व्हय तिला?"

"कपाळ पुढं असतंय! हे मागं हाय!"

"घास जातो तिथं लावायचं. बैलाला शेपटीला लावत्यात का?"

"काकू, बॉनेटला लावा ना," अन्सार म्हणाला.

"त्या वंगणाला?" साळुबाई म्हणाली. "लावल्याबिगर मी बसायची न्हाई."

इंजिन चालू होतं. डिंभ्यात पोहे गार होत होते. चांगदेवनं आईकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. मग झाकण उचलून तिच्या ताटात नारळाशेजारी ठेवलं आणि खिशातला नवा रुमाल टाकीच्या तोंडावर बांधला.

"घे. लाव काय लावायचं ते."

साळुबाईनं सावकाश लावलं. हळद, मग कुंकू, वर चार अक्षता. गाडी निघाली. धरणाची भिंत दिसू लागली तशी ती मागून म्हणाली, "चांग्या, घरी गेल्यावर कंपनीला लिही."

"काय लिहू?"

साळुबाईनं सांगितलं आणि अन्सारनं पुढच्या सीटवर मान डोलावत त्याला कागदोपत्री रूप दिलं. ते असं: सबब विनंती की, यापुढे प्रत्येक गाडीस दोन झाकणे देण्यात यावीत, एक पेट्रोलचे व एक कुंकवाचे, आणि अर्जदारास एक झाकण टपालाने तातडीने पाठवावे, कारण ताटात ठेवलेले परत काढत नसल्याने सध्याचे झाकण नारळासोबत मुलीच्या ओटीत जात आहे.